दोन डबे

अब्बांच्या कपाटात वरच्या फळीवर पत्र्याचे दोन डबे असायचे. एक चौकोनी, बिस्किटांचा. दुसरा गोल, वनस्पती तुपाचा, त्यावरचं झाडाचं चित्र पुसत आलेलं. चौकोनी डब्यात तानपुऱ्यांचे पैसे आणि गोल डब्यात रेहलांचे. रेहल म्हणजे कुराण ठेवून वाचायची लाकडी बैठक. खिळा नाही, डिंक नाही, एकाच फळीतून कोरून काढतात. मिटली की फळी, उघडली की कात्री.

वाणसामान, दूध, दळण, मटण, औषधं, ईदचे कपडे हे सगळं गोल डब्यातून यायचं. वीजबिल, घरपट्टी, पावसाळ्याआधीची शाकारणी, गटाराची दुरुस्ती चौकोनी डब्यातून. आणि माझी फी. तीही चौकोनी डब्यातूनच.

१९९४च्या पावसाळ्यापर्यंत डबा एकच होता.

आम्ही मिरजेचे. इथे एका गल्लीचं नावच सतारमेकर आहे. आमचे पूर्वज शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या धंद्यातली कमाई आटत गेली, त्याच सुमाराला फरीदसाहेबांनी सतारी घडवायला घेतल्या आणि त्यांच्या मागून शिकलगारांची घरंच्या घरं या कामाला लागली. भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. कडू असतो, खाण्याच्या उपयोगाचा नाही. लाकूड तूनचं. अब्बा भोपळाही कापायचे, दांडीही तासायचे, पण लांबून लोक यायचे ते त्यांच्या जवारीसाठी.

तानपुरा कधी मांडीवर न घेतलेल्याला जवारी समजावून सांगणं कठीण आहे, तरी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तानपुऱ्याची घोडी धारदार नसते. तिची पाठ रुंद असते आणि तिला अगदी किंचित उतार असतो. तार छेडली की त्या उतारावर ती पुन्हापुन्हा घासून जाते आणि तिच्यातून एका सुराऐवजी सुरांचा झुपका उमलतो. तो उतार कानशीनं काढायचा. डोळ्यांना तो दिसतच नाही, कानानंच कळतो. अब्बा घोडी काढायचे, कानस दोनदा फिरवायचे, घोडी पुन्हा बसवायचे, तार चढवायचे, तारेखाली सुताचा धागा सरकवायचे आणि मान कलती करून ऐकत राहायचे. मग पुन्हा सगळं उतरवायचे. एका वाद्यापायी अर्धा दिवस जायचा. कानस एकदा जास्त फिरली की घोडी वाया.

खर्जाची तार मनासारखी लागली की तिच्या पोटातून गंधार ऐकू येतो. चारातली एकही तार गंधारात लावलेली नसते, कोणी तो छेडलेला नसतो, तरी तो येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू आला की अब्बा हात बाजूला घेऊन एवढंच म्हणायचे, "आया." कुणाला उद्देशून नाही. मग अजान झाली तर तारांवर तळवा ठेवायचे, कंप पूर्ण थांबला की उठून वजू करायला, नमाजीआधी हातपाय धुवायला, जायचे. माझ्या लहानपणी या दोन गोष्टींमध्ये मला कधी फट दिसली नाही.

ती माझ्या धाकट्या भावाला दिसली. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि बाहेरगावच्या एका मदरशात वर्षभर राहून आला होता. आल्यावर पहिल्याच रात्री दस्तरखानावर बसला, ताट पुढे आलं, आणि त्यानं हात मांडीवरच ठेवला.

"अब्बा, ये रोटी कायकी कमाई की हाय?"

अम्मी रडायला लागली. मी भावावर ओरडले. अब्बा ओरडले नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, कुठे लिहिलंय, नीट सांग. भावानं सांगितलं. कुराणातली आयत सांगितली, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं सांगितली, आणि शेवटी नोमान बिन बशीर यांची प्रसिद्ध हदीस म्हणून दाखवली: हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि या दोहोंच्या मध्ये शुबह्याच्या, संशयाच्या गोष्टी आहेत ज्या पुष्कळ लोकांना कळत नाहीत; जो त्यांच्यापासून दूर राहिला त्यानं आपला धर्म आणि आपली अब्रू राखली. मी मध्येच म्हणाले, मग आपल्या दर्ग्यात निजलेले खाँसाहेब कोण होते?

मिरजेच्या पोराला दुसरं काय सुचणार? किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ मीरासाहेबांच्या दर्ग्यात गात, आणि १९३७च्या २७ ऑक्टोबरला त्यांचा इंतकाल झाल्यावर त्यांना त्याच आवारात दफन केलं. पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते गेले. मिरजेत सांगतात की छातीत दुखायला लागल्यावर ते गाडीतून उतरले, फलाटावर अंथरूण घातलं, नमाज पढली, तानपुरा जुळवायला लावला आणि दरबारी कानड्यात अल्लाहचं नाव घेत डोळे मिटले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं होतं. अब्बा आम्हां दोघांना लहानपणी तिथे न्यायचे, भाऊ त्यांच्या खांद्यावर झोपून जायचा.

भाऊ म्हणाला, "आपा, खाँसाहेब मोठे गवई होते. मुफ्ती नव्हते."

तेव्हा मला त्याचा संताप आला. आज वाटतं, तो बरोबर बोलला होता. कोणी थोर माणूस एखादी गोष्ट करत होता एवढ्यानं ती जायज ठरत नाही. आपल्याकडे या विषयावर बोलताना बिस्मिल्ला खाँ, अल्लादिया खाँ, अब्दुल करीम खाँ अशी नावं मोजली जातात आणि उत्तर मिळालं असं समजून लोक उठतात. त्यानं प्रश्नाला हातही लागत नाही. या सगळ्या माणसांनी तो प्रश्न मनात घेऊनच गायलं वाजवलं असेल, हे त्या नावांच्या यादीत कुठेच येत नाही.

दुसऱ्या दिवशी जोहरच्या, दुपारच्या नमाजीनंतर अब्बा मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मौलानांकडे गेले. मौलाना म्हातारे होते, अब्बांना पोरवयापासून ओळखत होते, त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. आपल्या हनफी फिकहमध्ये, म्हणजे आपण मानतो त्या धर्मकायद्यात, तारेची वाद्यं नाजायज मानली आहेत, आणि त्यांची कमाईही साफ नाही, असं त्यांनी सांगितलं. अब्बा घरी आले. दुकानात दोन कारागीर होते, त्यांची लेकरं होती. दुकान बंद झालं नाही. संध्याकाळी अब्बांनी अम्मीकडून तुपाचा रिकामा डबा मागून घेतला, घासून पुसून कपाटात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून फजरच्या, पहाटेच्या नमाजीनंतर दोन तास रेहल कोरायला बसू लागले. तानपुऱ्याच्याच तूनच्या फळीतून.

बँकेच्या व्याजाचं आमच्याकडे असंच करतात. आलेलं व्याज टाकून देत नाहीत, पण तोंडातही घालत नाहीत. कुणाचा संडास बांधून द्या, गटार दुरुस्त करा, सवाबाची, पुण्याची अपेक्षा न धरता हातावेगळं करा. अब्बांनी आयुष्यभराच्या हुनराला तोच नियम लावला. भाऊ त्या दिवसापासून जेवू लागला.

मला मात्र जेवण जाईना. मी तेव्हा बी.एड.ला होते आणि फी कुठल्या डब्यातून निघते ते मी पाहिलं होतं. गटाराच्या आणि घरपट्टीच्या रांगेत माझं शिक्षण. अब्बांनी मला या रांगेत का बसवलं? रेहलांचे पैसे पुरत नव्हते हे उघड कारण होतं. पण तेवढंच होतं का, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. त्याऐवजी वाचायला लागले. आधी उर्दू तफसीर, म्हणजे कुराणावरची भाष्यं, मग इंग्रजी, जे हाताला लागेल ते. मला एवढंच पाहायचं होतं की ज्या पैशावर मी शिकले तो काय होता.

भावानं सांगितलेली आयत सूरह लुकमानमधली सहावी. लोकांपैकी कोणी असा असतो जो 'लह्वल हदीस' विकत घेतो, अज्ञानापोटी अल्लाहच्या वाटेवरून लोकांना ढळवण्यासाठी. लह्वल हदीस म्हणजे शब्दशः मन गुंतवून ठेवणारं बोलणं. अब्दुल्लाह बिन मसऊद शपथेवर सांगत की याचा अर्थ गाणं. ते पैगंबरांच्या (स.) अगदी जवळचे सहाबी, म्हणजे सोबती, त्यांची शपथ हलक्यानं घेण्यासारखी नाही. दुसरीकडे, ही आयत मक्केच्या नज्र बिन हारिसबद्दल आहे असंही तफसीरकार सांगतात. तो इराणी राजांच्या, रुस्तुमाच्या कथा सांगून लोकांना कुराणापासून ओढून घेई. म्हणजे तिथे कथा होती, गाणं नव्हतं. अकराव्या शतकातले कॉर्डोबाचे इब्न हज्म आयतीच्या उत्तरार्धावर बोट ठेवतात: निषेध ढळवण्याच्या हेतूचा आहे. त्या हेतूनं कोणी कुराणाची प्रत विकत घेतली तरी तो गुन्हेगारच. मला नवल याचं वाटलं की इब्न हज्म कोणी सैल विचारांचे नव्हते. शब्दाच्या बाहेर तसूभर न जाणाऱ्या जाहिरी पंथाचे ते. स्पष्ट शब्द सापडला नाही म्हणून त्यांनी मनाई मानली नाही.

मग बुखारींच्या हदीससंग्रहातली हदीस. पैगंबर (स.) म्हणतात, माझ्या उम्मतीत असे लोक होतील जे व्यभिचार, रेशीम, दारू आणि मआजिफ हलाल ठरवतील. मआजिफ म्हणजे वाद्यं. यात शब्द स्पष्ट आहे. इब्न हज्म म्हणाले, या हदीसची साखळी, म्हणजे ती सांगणाऱ्यांची परंपरा, तुटलेली आहे. इब्न हजर यांच्यासारख्या हदीसच्या महापंडितांनी दाखवलं की ती इतरत्र जोडलेली सापडते. मी शाळेतली मास्तरीण, या दोघांमध्ये निवाडा करणारी मी कोण? पण एक मला प्रामाणिकपणे लिहिलंच पाहिजे. सुन्नींच्या चारही पंथांच्या बहुतेक फकीहांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनी, तारेची वाद्यं आणि मुरल्या नाजायजच ठरवल्या आहेत. दर्ग्याला मानणारे आणि न मानणारे यांच्यात आपल्याकडे एवढे वाद, पण दर्ग्याला मानणारे ज्यांना इमाम समजतात त्या बरेलीच्या अहमद रझा खान यांनीही वाद्यांसकट कव्वालीला मनाईच सांगितली आहे. "कुराणात कुठे लिहिलंय, हे सगळं मुल्लांनी काढलेलं" असं कोणी सहज म्हणून टाकलं की मला मशिदीतले ते म्हातारे मौलाना आठवतात. त्यांनी काही काढलेलं नव्हतं. बाराशे वर्षांचं ओझं त्यांनी अब्बांसमोर जसंच्या तसं ठेवलं होतं.

आणि तरीही त्याच हदीसांच्या ग्रंथांत एक ईदचा दिवस आहे. पैगंबरांच्या (स.) पत्नी हजरत आयेशांच्या घरात दोन मुली बुआसच्या लढाईची गाणी म्हणत आहेत. पैगंबर (स.) तोंड फिरवून पहुडले आहेत. आयेशांचे वडील हजरत अबू बक्र आत येतात आणि लेकीवर रागावतात: अल्लाहच्या रसूलच्या घरात सैतानाचा मिझमार? पैगंबर (स.) म्हणतात, असू दे त्यांना, अबू बक्र. प्रत्येक समाजाची ईद असते, ही आपली ईद आहे. मिझमार म्हणजे बासरी, सनई. याच शब्दाची दुसरी हदीस आहे. अबू मूसा अशअरी कुराण पढत होते, इतक्या गोड गळ्यानं की पैगंबर (स.) त्यांना म्हणाले, तुला दाऊदच्या घराण्यातला एक मिझमार मिळाला आहे. एकाच शब्दाला एकदा सैतान जोडलेला, एकदा दाऊद. हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

मला सर्वांत जवळची वाटते ती रुबय्यिअ बिन्त मुअव्विज यांची हकिगत. त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पैगंबर (स.) आले आणि त्यांच्या बिछायतीवर बसले. लहान मुली डफ वाजवून बद्रच्या लढाईत पडलेल्या बापजाद्यांची गाणी म्हणत होत्या. एका मुलीनं पाहुण्याला पाहून ओळ बदलली: आमच्यात असा नबी आहे ज्याला उद्याचं कळतं. ते म्हणाले, हे राहू दे, आधी म्हणत होतीस तेच म्हण. गाणं थांबवलं नाही. स्तुतीत सत्याच्या पलीकडे गेलेली तेवढी एक ओळ थांबवली. उद्याचं फक्त अल्लाहला कळतं. किती बारीक कान असेल तो! दोन कानशी कमी-जास्त झालेल्या घोडीवर अब्बा जसे नेमके थांबायचे, तसं मला ते वाटलं, आणि हे असं वाटण्यात बेअदबी नाही असं मी मानते.

गझालींपर्यंत पोचायला मला आणखी बरीच वर्षं लागली. हे थोर धर्मपंडित ११११ साली गेले. त्यांच्या इह्या उलूमुद्दीनमध्ये समाअ, म्हणजे ऐकण्यावर, एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात एक गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगता येत नाही. एक प्रवासी वाळवंटात एका अरबाच्या तंबूत पाहुणा म्हणून उतरतो. तंबूत एक काळा गुलाम साखळदंडात बांधलेला. बाहेर उंट मरून पडलेले, एकच उरलाय आणि तोही मरायला टेकलेला. गुलाम पाहुण्याला विनवतो, तुम्ही रदबदली करा, तुमचं ते टाळणार नाहीत. जेवण पुढे आल्यावर पाहुणा म्हणतो, याला सोडल्याशिवाय मी घास घेणार नाही. मालक म्हणतो, यानं मला भिकेला लावलंय. माझं सगळं या उंटांवर होतं. याचा गळा गोड आहे. यानं उंटांवर जड ओझी लादली आणि हुदा, म्हणजे उंट हाकताना म्हणायचं गाणं, म्हणत त्यांना हाकलं. तीन दिवसांची वाट त्यांनी एका रात्रीत तोडली. ओझी उतरवल्याबरोबर उंट कोसळले. पण तुम्ही पाहुणे, तुमच्यासाठी त्याला सोडला. सकाळी पाहुण्याला तो आवाज ऐकावासा वाटतो. विहिरीवर पाणी ओढणाऱ्या एका उंटासाठी गुलाम गाऊ लागतो, तो उंट दोर तोडून सैरावैरा धावतो, आणि पाहुणा स्वतः तोंडघशी पडतो. त्याहून गोड आवाज मी कधी ऐकला नाही, असं तो सांगतो.

संगीताच्या बाजूनं बोलणारे ही गोष्ट आवाजाच्या महतीची म्हणून सांगतात. मला त्यात मेलेले उंट दिसतात. ओझं आहे हे ज्या आवाजानं विसरायला लावलं, त्याच आवाजानं ते मेले. इब्न जौझी, इब्न तैमिया या धर्मपंडितांनी गाण्याविरुद्ध इतकं पोटतिडकीनं लिहिलं ते गाण्याला क्षुल्लक समजून नाही. त्याची ताकद त्यांना ठाऊक होती. सुपरमार्केटात, लिफ्टमध्ये, फोनवर थांबवून ठेवताना कानात ओतलं जाणारं संगीत कोणी ऐकतही नाही. त्या संगीताला जेवढी किंमत आपण देतो त्याहून कितीतरी जास्त त्या मनाई करणाऱ्यांनी दिली होती.

गझालींचं स्वतःचं म्हणणं असं की गाणं मनात नवीन काही घालत नाही, आधीच जे आहे ते हलवून वर काढतं. म्हणून वेळ पाहा, जागा पाहा, सोबत पाहा. मग ज्याला वसंत आणि त्याची फुलं, ऊद हे वाद्य आणि त्याच्या तारा हलवत नाहीत त्याचा पिंडच बिघडलेला आहे, त्यावर औषध नाही, असंही त्यांच्या या प्रकरणात येतं. आणि तरीही तारेची वाद्यं तेही टाळायला सांगतात, कारण ती दारूच्या बैठकींची खूण होती. म्हणजे दोष तारेत नाही, तिच्या संगतीत. पुढे १९५८ ते १९६३ या काळात कैरोच्या अल-अझहरचे शेख, म्हणजे प्रमुख, असलेल्या महमूद शलतूत यांनी संगीत शिकण्याला परवानगी देणारा फतवा दिला, तो याच वाटेनं: सुंदर गोष्टीकडे ओढ ही अल्लाहनं दिलेली आहे, तिला लगाम घालायचा असतो, तिचा गळा घोटायचा नसतो.

माझं मत याच वाटेवर आहे. मी ऐकते. काही ऐकल्यावर मुसल्ल्यावर, नमाजीच्या चटईवर, उभं राहिलं की मन आधीच तिथे पोचलेलं असतं. काही ऐकल्यावर अल-फातिहा कधी संपली तेही कळत नाही. दुसऱ्या प्रकारचं मी सोडून दिलंय, कोणी सांगितलं म्हणून नाही.

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन वेरूळला गेले होते, तेव्हा तिथून जवळच असलेल्या खुल्दाबादला गेले. मुली एका बाजूला ओढण्या सावरत चालल्या होत्या आणि मी थबकले. निजामुद्दीन औलियांचे शागीर्द बुऱ्हानुद्दीन गरीब इथे आहेत, १३३७ साली गेलेले, समाअचे इतके वेडे की त्यांच्या अनुयायांच्या हालाची, म्हणजे तल्लीन होऊन डोलण्याची, एक वेगळीच रीत प्रसिद्ध होती. त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी समोरच्या दर्ग्यात. आणि त्यांच्या पायाशी, उघड्या मातीत, औरंगजेब. ज्यानं दरबारातलं गाणं बंद केलं तो, समाअच्या माणसांच्या सोबतीला जागा मागून निजलेला. मासिर-ए-आलमगिरीत एक संवाद आहे. संगीताचा जाणकार मिर्झा मुकर्रम खान बादशहाला विचारतो, गाण्याबद्दल आपलं मत काय? बादशहा म्हणतो, मुबाह, चांगलंही नाही वाईटही नाही. मग ऐकत का नाही? तर म्हणतो, मला वाद्यांशिवाय, त्यातही पखवाजाशिवाय ऐकवत नाही, आणि वाद्यं तर हराम. म्हणून गाणंच सोडलं. त्या माणसाबद्दल महाराष्ट्रात जे बोलायचं ते सगळे बोलतात, मला त्यात भर घालायची नाही. पण हे उत्तर वाचल्यावर मला गोल डबा आठवला. ज्याला गाणं आवडत नाही त्याला पखवाजाची उणीव भासत नाही.

अब्बा २०११ साली गेले. कफनाचा खर्च भावानं गोल डब्यातून केला. चाळिसाव्यानंतर त्यानं दोन्ही डबे खाली काढले. शरीयतप्रमाणे मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. त्यानं तसा हिशेब मांडला आणि मग चौकोनी डबा उघडून न मोजता माझ्यापुढे सरकवला. "ये पूरा तेरा, आपा." मला आजही सांगता येणार नाही की तो पैसा त्याला नको होता म्हणून दिला, की माझ्यावरच्या मायेनं. डब्यात नोटांच्या खाली एक जुनी हाडाची घोडी होती, वाया गेलेली, एका बाजूला जास्त उतरलेली.

२०२३च्या जुलैमध्ये अफगाणिस्तानातल्या हेरातला तालिबाननं वाद्यं जाळल्याचे फोटो वर्तमानपत्रात आले. ज्वाळांत पेटी होती, तबला होता, गिटार होती. मी फोन केला नव्हता, भावानंच केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "आपा, किसीने तो बनाए होंगे." पुढच्या वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हाही त्याचाच फोन पहिला आला. अब्बांचं नाव कुठे येणार नव्हतं, पण त्यानं ते घेतलं.

अब्दुल्लाह बिन उमर यांची एक हदीस अबू दाऊद आणि अहमद यांच्या हदीससंग्रहांत आहे. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. इब्न उमर वाटेनं चालले आहेत, सोबत त्यांचा शागीर्द नाफे. कुठून तरी धनगराच्या पाव्याचा आवाज येतो. इब्न उमर दोन्ही कानांत बोटं घालतात आणि वाट सोडून बाजूनं चालू लागतात. चालता चालता विचारतात, नाफे, ऐकू येतंय का? नाफे म्हणतो, हो. ते तसेच चालत राहतात. पुन्हा विचारतात. नाफे म्हणतो, नाही. तेव्हा ते कानांतली बोटं काढतात आणि सांगतात, मी पैगंबरांना (स.) असंच करताना पाहिलं आहे. मनाई करणारे म्हणतात, पाहा, ऐकणंच टाळलं. परवानगी देणारे म्हणतात, पाहा, हराम असतं तर नाफेला ऐकत राहायला सांगितलं असतं का, त्या धनगराला थांबवलं नसतं का? यावर पहिले म्हणतात, कानावर पडणं वेगळं आणि कान देऊन ऐकणं वेगळं. अबू दाऊद स्वतः या हदीसला भरवशाची मानत नाहीत. हे सगळं मला माहीत आहे, तरी ही दोन माणसं मला त्या वाटेवर स्पष्ट दिसतात. एकाच्या कानांत बोटं, दुसरा त्याच्यासाठी ऐकत चाललेला.

गेल्या उरुसाला मी मिरजेत भावाकडे होते. त्याचं घर दर्ग्यापासून फार लांब नाही. इशाच्या, रात्रीच्या नमाजीनंतर सगळे निजले, तो मधल्या खोलीत तसबीह घेऊन बसला आणि मी बाहेर गॅलरीत. दर्ग्यातलं गाणं रात्री उशिरापर्यंत चालतं, कर्ण्यांवरून गल्लीत येतं. कोणी तरुण मुलगी गात असावी. आवाज कोवळा होता, पण तानपुरे नीट लागलेले होते. अधूनमधून वारा फिरला की सूर तुटायचा आणि पुन्हा जोडला जायचा.

"थांबलं का, आपा?" भावानं आतून विचारलं.

"नाही."

तसबीहचे मणी पुन्हा सरकू लागल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं पुन्हा, "अजून?"

"चालू आहे. दार लोटून घेऊ का?"

"नक्को," तो म्हणाला. "राहू दे."